ट्राजनच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात

विमान तिरकं झालं आणि आईनं माझं मनगट दाबलं. "ते बघ, तळं. सहा कोपऱ्यांचं."

खाली झाडीत खरंच एक षट्कोनी तळं होतं. इतकं रेखीव, की निसर्गाचं असणं शक्यच नव्हतं. रोमन सम्राट ट्राजननं इ.स. 100 नंतरच्या काही वर्षांत खोदून घेतलेली ही गोदी. तिची एकेक बाजू साडेतीनशे मीटरहून लांब. इजिप्तचं धान्य घेऊन आलेली गलबतं इथे लागत आणि तो माल पुढे टायबर नदीतून रोमला जाई. ट्राजनच्या आधी क्लॉडियसनं इ.स. 42 मध्ये शेजारीच बंदर बांधायला घेतलं होतं. 1950 नंतरच्या दशकात फ्युमिचिनोचा विमानतळ बांधताना जमिनीतून त्या जुन्या बंदरातल्या होड्यांची लाकडं निघाली. आता विमानतळाजवळच्या संग्रहालयात ती ठेवली आहेत. समुद्र मात्र ट्राजनच्या गोदीपासून जवळजवळ तीन किलोमीटर मागे सरकला आहे. टायबरनं गाळ आणून आणून किनारा पुढे ढकलला.

"म्हणजे आपल्या चौलासारखं," आई म्हणाली.

आईचं माहेर चौलचं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तिकेत कल्याण आणि सोपाऱ्याबरोबर सेमिल्ला नावाच्या बंदराचा उल्लेख येतो. ते चौलच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आज चौलात नारळी-पोफळीच्या वाड्यांतून चालताना, इथे कधी परदेशी जहाजांचा माल उतरत असेल हे सांगितल्याशिवाय कळत नाही. आईला मात्र ते लहानपणापासून माहीत होतं. त्यामुळे रोमचं बंदर रोमपाशी नाही याचं तिला नवल वाटलं नाही. जहाजाच्या या सहलीची तयारी करताना ते समजून घ्यायला मलाच चार महिने लागले होते.

जहाजाच्या तिकिटावर 'रोम' असं छापलेलं असतं. जहाज लागतं ते चिवितावेक्कियाला. विमानतळापासून रस्त्यानं साधारण 65 किलोमीटर, उत्तरेला. जगभर हीच पद्धत आहे: लंडन म्हणून साउदॅम्प्टन, पॅरिस म्हणून ल आव्र, फ्लोरेन्स म्हणून लिव्होर्नो. बर्लिन म्हणून जिथे उतरवतात ते वार्नेम्युंडे तर बर्लिनहून दोनशे किलोमीटरच्या वर आहे. विमानाचं तिकीट देणारा तुम्हाला विमानतळावर सोडतो, जहाजाचं तिकीट देणारा जेटीपासून पुढे सांभाळतो. मधला तुकडा प्रवाशाचा. आमच्याकडे माणसं सहलीच्या खर्चाचा हिशेब पैशापैशानं करतात आणि हा तुकडा "तिथे गेल्यावर बघू" म्हणून सोडून देतात. माझा जीव तिथेच कासावीस होतो.

कारण माझ्या मावसबहिणीचं काय झालं ते मला माहीत आहे. जहाज ज्या दिवशी सुटणार त्याच दिवशी सकाळी तिचं विमान रोमला उतरणार होतं. आखातात विमान बदलताना चार तास गेले, रोमला सामान उशिरा आलं, आणि ती बंदरावर पोचली तेव्हा धक्का रिकामा होता. सहाची बोट म्हणजे सहापर्यंत पोचायचं, असं नसतं. चेक-इन सुटण्याच्या तास-दीड तास आधीच बंद होतं, कारण प्रवाशांची अंतिम यादी बंदराच्या अधिकाऱ्यांना द्यायची असते. विमानही जहाज कंपनीमार्फत काढलेलं असेल, तर उशीर झाल्यावर पुढच्या बंदरापर्यंत पोचवण्याची सोय ती कंपनी बघते. स्वतः काढलेलं असेल तर जहाज निघून जातं. बिचारी रात्रभर फोन करत बसली, कंपनीची परवानगी मिळवली आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेनं नेपल्सला जाऊन बोटीत चढली. आठ दिवसांच्या सहलीतला पहिला दिवस तिला आठवतच नाही.

म्हणून आम्ही एक दिवस आधी निघालो. आईला हे पटवावं लागलं नाही. भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचनं माहेरी जाणारी बाई ती. धक्क्यावर तासभर आधी जाऊन वळकटीवर बसायचं हे तिच्या अंगातच आहे.

पासपोर्टच्या रांगेत आमच्या पुढे एक पंचविशीतला मुलगा होता. पाठीवर सॅक, हातात प्लॅस्टिकची फाइल. फाइलवरून आणि ती छातीशी धरण्याच्या पद्धतीवरून मी ओळखलं, आणि त्यानं आमच्या बोलण्यावरून आम्हाला. वेंगुर्ल्याचा. जहाजावर स्वयंपाकघरात कामाला, तिसरं कॉन्ट्रॅक्ट. फाइलमध्ये सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदवहीसारखं पुस्तक, वैद्यकीय दाखला, सुरक्षा प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, कंपनीचं पत्र. त्यातला एक कागद कमी पडला तर 'साइन ऑन' होत नाही, म्हणजे जहाजाच्या हजेरीपटावर नाव चढत नाही. गोव्यातली आणि तळकोकणातली कितीतरी घरं या फाइलींवर उभी आहेत.

"तुमची बोट उद्याची ना, आजी? मग बरं झालं," तो आईला म्हणाला. त्याची आजचीच होती. पण त्याची काळजी वाहणारं कुणीतरी बाहेर उभं होतं. सामानाच्या पट्ट्यापलीकडे, काचेच्या दारातून बाहेर पडल्यावर, जहाज कंपनीच्या स्थानिक एजंटाचा माणूस नावांची यादी घेऊन थांबला होता. पाच-सहा देशांतले आठ-दहा तरुण त्याच्याभोवती गोळा होत होते. माणसं मोजून व्हॅन निघते ती थेट बंदरावर. जे जहाज चालवायला येतात त्यांच्यासाठी हा मधला तुकडा कुणीतरी विचार करून जोडलेला आहे. मला ते बघून फार बरं वाटलं. त्यानं आईला वाकून नमस्कार केला आणि गर्दीत गेला.

आमच्यापुढे दोन वाटा होत्या. टॅक्सी शंभर युरोंच्या पुढे. चार माणसं आणि सहा बॅगा असतील तर मी तीच घ्यायला सांगेन; त्यात कमीपणा काही नाही. दोघींसाठी मात्र रेल्वे.

विमानतळाच्या स्टेशनावर सगळे जण लिओनार्दो एक्स्प्रेसकडे वळतात. ती 32 मिनिटांत तेर्मिनी या मोठ्या स्टेशनावर नेते, 14 युरो. बंदरावर जाणाऱ्यानं ती घेऊ नये. तेर्मिनीत चिवितावेक्कियाच्या गाड्या सुटतात त्या अगदी टोकाच्या, पंचविशीपुढच्या फलाटांवरून. तिथवरची पायपीट सामान ओढत करावी लागते. त्याऐवजी त्याच स्टेशनावरून सुटणारी एफएल-1 ही लोकल घ्यावी, 8 युरो, आणि त्रास्तेवेरेला उतरावं. अडचण एवढीच, की फलकावर त्या गाडीपुढे 'रोम' लिहिलेलं नसतं. ओर्ते किंवा फारा साबिना असतं. विरारची गाडी अंधेरीला थांबते हे मुंबईकराला कळतं, नवख्याला नाही, तसंच. मी ही दोन नावं देवनागरीत लिहून आईच्या पर्सला चिकटवली होती. तिनंच फलक वाचला.

कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या छोट्या यंत्रात सारून त्यावर वेळेचा शिक्का उमटवायचा. तो नसला तर हातात तिकीट असूनही दंड होतो. आईनं दोन्ही तिकिटं स्वतः यंत्रात घातली आणि शिक्का उमटला की नाही ते चष्मा लावून बघितलं.

संपाचीही चौकशी आधी करून ठेवावी लागते. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात, आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत ठरावीक लोकल गाड्या सोडणं बंधनकारक असतं. आमच्या आठवड्यात संप नव्हता. तरी सकाळी सहाची एक गाडी मी वहीत टिपून ठेवली होती.

त्रास्तेवेरे सत्तावीस मिनिटांवर. इथे खरं काम. फलाट बदलायचा म्हणजे भुयारी मार्ग, आणि तिथे सामान घेऊन जिने उतरणारे, चढणारे पर्यटक. लिफ्ट आहे, पण ती गर्दीच्या लोंढ्यासमोर नसते. थोडं थांबून शोधावी लागते. आपली माणसं थांबत नाहीत. सगळे धावतात म्हणून धावतात. मी आईला बाकावर बसवलं, फलकावर पुढची गाडी बघितली, आणि मग आम्ही सावकाश लिफ्टकडे गेलो. हातात वीस मिनिटं होती. पुढची गाडी ग्रोसेतोची होती. चिवितावेक्किया तिच्या वाटेत लागतं. ग्रोसेतो किंवा पिसा असा फलक दिसला तरी घाबरू नये, वाटेतली स्टेशनं वाचावीत.

गाडी सुटली. सान पिएत्रो स्टेशनापाशी सेंट पीटर्सचा घुमट दिसला. मग वस्ती विरळ होत गेली आणि मक्कारेझे नावाचं स्टेशन आलं. खिडकीतून बघते तो विमानं उतरताहेत. आमचाच विमानतळ, काही किलोमीटरवर! किनाऱ्यावर उतरून, शहरात शिरून, पुन्हा किनाऱ्यावर आलो होतो. असला द्राविडी प्राणायाम का, तर रूळ रोमसाठी घातले आहेत, बंदरासाठी येणाऱ्या परक्या माणसासाठी नाहीत. रोम ते चिवितावेक्किया ही रेल्वे 1859 साली सुरू झाली, पोपच्या राज्यात. तेव्हा हे बंदर पोपचं होतं. विमानतळ यायला शंभर वर्षं होती.

पुढे लादिस्पोली-चेर्वेतेरी. चेर्वेतेरीत रोमच्याही आधीच्या एट्रुस्कन लोकांची दफनभूमी आहे, 2004 पासून जागतिक वारशाच्या यादीत. ती बघायची राहिली, याची रुखरुख आहे. सांता सेवेरानंतर डाव्या खिडकीला समुद्र लागला आणि तो शेवटपर्यंत सुटला नाही. आई काही बोलली नाही. तिनं शेंगदाण्याचा लाडू काढला, अर्धा मला दिला.

चिवितावेक्किया हे राबतं गाव आहे. मे 1943 मध्ये बाँबवर्षावात त्याचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला, त्यामुळे इमारती साध्या, युद्धानंतरच्या. 2023 साली या बंदरातून 33 लाखांच्या आसपास क्रूझ प्रवासी आले-गेले, आणि त्यांतल्या फार थोड्यांनी गावात रात्र काढली असेल. आम्ही काढली. संध्याकाळी पायी निघून मिकेलांजेलोच्या नावाचा किल्ला बघितला. ब्रामांतेनं 1508 साली त्याचं काम सुरू केलं. मधल्या बुरुजाचा वरचा भाग मिकेलांजेलोचा, असं परंपरेनं सांगतात. किल्ल्यासमोरचं आतलं जुनं बंदर मात्र ट्राजनचं. इ.स. 107 च्या सुमारास ते बांधलं जात असताना धाकट्या प्लिनीनं बघितलं आणि एका पत्रात लिहून ठेवलं: तोंडाशी बेट तयार करण्यासाठी तराफ्यांवरून मोठमोठे दगड आणून समुद्रात टाकत होते, आणि दगडावर दगड स्वतःच्या वजनानं घट्ट बसत होते. षट्कोनी गोदी खोदून घेणारा सम्राटही तोच. इथे मोठी नदी नाही, गाळ नाही. म्हणून हे बंदर राहिलं आणि विमानतळाशेजारच्या गोदीचं तळं झालं.

आई धक्क्याच्या कडेला वाकून दगड बघत होती. मी तिचा दंड धरला.

"अगं, ह्याच्यावर भरतीची रेघच नाही."

खरंच नव्हती. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक इथे जेमतेम वीतभर-दोन वीत. कोकणात तो दोन माणसांची उंची गाठतो. आईचं सगळं बालपण त्या फरकात गेलं: ओहोटीला रेवसला लाँच लागायची ती खाली खोल, आणि फळीवरून वर चढताना वडील मागून कमरेला धरायचे. नदीचा गाळ वाहून नेणारी भरतीही इथे नाही, म्हणून टायबरचं मुख भरलं असणार, हे तिचं अनुमान. नंतर वाचलं तर भूगोलही तेच सांगतो.

सकाळी स्टेशनाजवळून गावच्या बसनं लार्गो देल्ला पाचे या थांब्यावर गेलो. इथून बंदराची बस. हे माहीत नसलेली माणसं किल्ल्याच्या बाजूनं सामान ओढत निघतात, समोर जहाज दिसतं म्हणून. जहाज डोळ्यांना जवळ दिसतं. धक्का मात्र दोन-तीन किलोमीटर लांब, उन्हातला. घरून छापून आणलेले लगेज टॅग मी रात्रीच बॅगांच्या मुठींना चिकटपट्टीनं गुंडाळले होते. टर्मिनलच्या बाहेरच हमाल बॅगा घेतात, त्या थेट केबिनच्या दाराशी, कधी संध्याकाळी उशिरा येतात. म्हणून औषधं, पासपोर्ट, चष्मा आणि एक साडी आईच्या हातातल्या पिशवीत.

काउंटरवर व्हिसा नीट बघितला गेला. आमचं जहाज तुर्कस्तानलाही जाणार होतं, म्हणजे शेंगेन देशांबाहेर पडून परत येणार. त्यासाठी एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा लागतो. आमच्या मागच्या जोडप्याकडे एकाच प्रवेशाचा होता. त्यांना बाजूला बसवलं. त्या बाईंचा चेहरा मला अजून दिसतो. व्हिसाच्या कागदावरचा तो एक शब्द घरीच वाचायला हवा होता, आणि तो वाचायला त्यांना कुणीतरी सांगायलाही हवं होतं.

मग जहाजाची फळी. आता तिला गँगवे म्हणतात, कठड्याची, गालिचा घातलेली. आई अर्ध्यावर थांबली. खाली धक्का आणि जहाज यांच्यामध्ये हिरव्या पाण्याची अरुंद चीर होती. तिनं उजवा पाय जरा दाबून बघितला.

"हलत नाही," ती म्हणाली, आणि तरीही मागे हात करून तिनं माझा हात धरला.