हिशोबाआधी काय धरलं?

गटाच्या बैठकीत आपण हिशोब तपासतो. पण हिशोब मांडताना काय धरून चाललो, हे क्वचितच तपासतो. आज आम्ही त्याविषयीच बोलणार आहोत.

अमेरिकेत शिकागो विद्यापीठात मिल्टन फ्रीडमन नावाचे अर्थतज्ज्ञ होते. १९५३ साली त्यांनी अर्थशास्त्राच्या पद्धतीवर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की, सिद्धांत जे धरून चालतो ते हुबेहूब खरं असायची गरज नाही. अंदाज बरोबर आला म्हणजे झालं. दाखला झाडाचा दिला. पान काही विचार करत नाही. तरी ते जास्त ऊन मिळेल अशी जागा घेतं असं धरलं, तर पानं कुठे दाट असतील हे सांगता येतं.

तसंच माणूस आपला फायदा तोलूनच वागतो असं धरलं, की बाजाराचं गणित सुटतं. हेच फ्रीडमन राजकारणात सांगत की सरकारने कमीत कमी हात घालावा, बाजाराला मोकळं सोडावं. या विचाराला आज नवउदारमतवाद म्हणतात. पद्धत आणि राजकारण एकच नव्हे, हे खरं. पण ‘माणसं अशी नसतात’ हा आक्षेप त्या पद्धतीमुळे दुबळा पडला.

दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात लष्करी राजवट होती. शिकागोत शिकून आलेल्या अर्थतज्ज्ञांनी तिथली धोरणं आखली. १९८१ मध्ये पेन्शन खासगी कंपन्यांकडे गेली. ज्याने जेवढं भरलं, तेवढंच त्याच्या खात्यात. लष्कराने स्वतःसाठी मात्र जुनी पद्धत ठेवली!

हिशोब चोख होता. पण त्यात दरमहा पगार घेणारा कामगार धरला होता. मुलंबाळं, म्हातारी माणसं सांभाळण्यात आणि हंगामी मजुरीत ज्यांची वर्षं गेली, त्या बायकांच्या खात्यात फार थोडं जमलं. अखेर २००८ मध्ये कायदा बदलला. गरीब वृद्धांना सरकारी पेन्शन मिळू लागली आणि आईला प्रत्येक मुलामागे पेन्शनमध्ये भर.

म्हणून मैत्रिणींनो, कर्जाची असो की पेन्शनची, योजना आली की फायदा किती एवढंच विचारू नका. हप्ता भरणारी बाई कशी धरली आहे, तेही विचारा. तिला दरमहा पैसा मिळतो असं धरलंय का? तिचं घरातलं काम मोजलंय का? उत्तर ऐका, मगच सही करा.