गिरणगावातली घरं आणि सरकारचा पैसा

१९२० च्या दशकात मुंबई सरकारच्या विकास खात्यानं वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथं कामगारांसाठी चाळी उभ्या केल्या. त्याच बीडीडी चाळी. त्यासाठी सरकारनं कर्ज काढलं आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवला. खोल्या जेमतेम १६० चौरस फुटांच्या, संडास सामाईक. त्या बांधकामावर टीकाही पुष्कळ झाली. पण ज्या धंद्याला कामगार हवे होते, त्याच्याच मालातून त्यांच्या घरांचा खर्च निघावा एवढी अपेक्षा परक्या सरकारनंही ठेवली होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडू लागल्या, तेव्हा हाच हिशेब पुन्हा मांडायची वेळ आली.

तो १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत मांडलाही गेला. नियम ५८. गिरणीच्या जागेचे साधारण तीन वाटे करायचे: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. सहाशे एकरांच्या गिरणगावात म्हाडाचा वाटा किती मोठा झाला असता, हे वेगळं सांगायला नको. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची ठरली. गिरणी म्हणजे शेड, खाती, गोदामं; तिथं मोकळी जमीन असणार किती? उच्च न्यायालयानं सार्वजनिक वाट्याच्या बाजूनं दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयानं मार्च २००६ मध्ये फिरवला. त्याआधीच, २००५ साली, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची, म्हणजे सरकारी मालकीची, मुंबई टेक्सटाइल मिल ७०२ कोटींना विकली गेली होती. परवडणाऱ्या घरांसाठी सरकारकडे पैसा नव्हता, असं मी म्हणणार नाही. पैसा जमिनीच्या रूपात हातात होता आणि तो सोडून दिला.

तरी जे मिळालं ते लढून मिळालं. दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली बंद गिरणी कामगार संघर्ष समिती उभी केली नसती, तर तेवढंही हाती आलं नसतं. म्हाडानं गिरणी कामगारांसाठी मुंबईत २०१२ साली ६,९२५, २०१६ साली २,६३४ आणि २०२० साली ३,८९४ घरांची सोडत काढली. घर २२५ चौरस फुटांचं. किंमत आधी साडेसात, मग साडेनऊ लाख. बेरीज साडेतेरा हजारांच्या आत आणि अर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास. कोकणात, साताऱ्यात, कोल्हापुरात पत्र्याच्या पेटीत जपलेलं ईएसआयचं कार्ड, गिरणीचा पास, पीएफची पावती घेऊन माणसं पात्रता सिद्ध करायला येतात. पुष्कळदा कामगार हयात नसतो. पासावरचा फोटो त्याचा आणि रांगेत त्याची बायको किंवा मुलगा.

उरलेल्यांसाठी सरकारनं शेलू आणि वांगणी दाखवलं. सीएसएमटीहून जवळजवळ ऐंशी किलोमीटर, ८१,००० घरं. घराची किंमत पंधरा लाख. त्यात सरकारचे साडेपाच आणि कामगाराचे साडेनऊ. सगळी घरं झाली, तर सरकारच्या वाट्याचे ४,४५५ कोटी होतात. रक्कम लहान नाही. पण ती गिरणगावातल्या माणसाला गिरणगावाबाहेर नेण्यासाठी खर्च होणार आहे. शिवाय मार्च २०२४ च्या शासन निर्णयात, हे घर नाकारलं तर हक्क संपेल अशा अर्थाचं कलम घातलं गेलं. ९ जुलै २०२५ ला आझाद मैदानात म्हातारी माणसं पावसाळ्यात येऊन बसली, ती ते कलम रद्द करा आणि घर मुंबईतच द्या, हे सांगायला. त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. ज्या वयात परळच्या केईएम रुग्णालयाचा केसपेपर नेहमी खिशात असतो, त्या वयात वांगणीहून परळ गाठायचं कसं?

याच परिसरात उलटं उदाहरणही आहे. बीडीडीच्या जागा सरकारनं विकल्या नाहीत. म्हणूनच वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावर (पूर्वीच्या डिलाईल रोडवर) म्हाडा स्वतः पुनर्विकास करू शकली. १६० फुटांच्या खोलीच्या बदल्यात तिथंच ५०० फुटांचं मालकीचं घर, एकही पैसा न भरता. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. खर्च निघतो तो त्याच आवारात बाजारभावानं विकायच्या घरांतून, आणि ती घरं आजूबाजूचे भाव आणखी चढवणार. चाळीत नाममात्र भाडं भरणाऱ्या कुटुंबाला चाळीस मजली इमारतीच्या लिफ्टचा, पंपांचा मेंटेनन्स पुढं झेपेल का, ही काळजीही खरी आहे. तो न झेपल्यामुळे घर विकावं लागलं, तर पुनर्विकासाचा उपयोग काय? मेंटेनन्ससाठी कायमचा निधी हवा, काही वर्षांची सवलत पुरणार नाही. शिवडीच्या चाळी तर अजून ताटकळत आहेत, कारण त्यांच्याखालची जमीन राज्य सरकारची नसून पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टची, आताच्या मुंबई बंदर प्राधिकरणाची.

आणि अजून सगळी जमीन गेलेली नाही. टाटा मिल, पोदार मिल या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्या २०२० च्या टाळेबंदीपासून बंद आहेत. त्यांचा निर्णय दिल्लीत, वस्त्रोद्योग मंत्रालयात होणार. राज्य सरकारनं त्याआधी लेखी मागणी करावी, की या जागांची वाटणी १९९१ च्या मूळ नियमाप्रमाणे, संपूर्ण क्षेत्रफळावर व्हावी आणि शेलू-वांगणीसाठी ठरलेले घरामागचे साडेपाच लाख इथल्या बांधकामाला लावावेत. निविदा निघाल्यावर ही मागणी करता येणार नाही.