ना मनोरा, ना घंटा : घरात भरणारी ख्रिस्ती ‘मंडळी’ म्हणजे नेमकं काय?

रविवारी सकाळी वस्तीवरच्या एखाद्या पत्र्याच्या घरासमोर पंधरा-वीस चपलांचे जोड दिसतात. आतून ढोलकी-टाळांचा आवाज येत असतो. नवख्या माणसाला वाटतं भजन चाललंय. भजनच असतं, पण येशूचं. बाहेर पाटी नाही, छपरावर क्रूस नाही. याला घरमंडळी म्हणतात, कुणी हाऊस चर्च म्हणतं. आपल्या नगर जिल्ह्यात मिशनच्या काळातली एवढी जुनी चर्च असताना ही माणसं घरात का बसतात, असं बरेच जण विचारतात. गावात यावर उलटसुलट बोललं जातं, म्हणून माहिती नीट मांडतो.

मूळ घरातलंच

मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोक चर्चला ‘मंडळी’ म्हणतात. शब्दातच अर्थ आला. मंडळी म्हणजे माणसं, इमारत नव्हे. बायबलमध्ये पौलाची पत्रं आहेत. त्यांत प्रिस्का आणि अक्विला या नवरा-बायकोच्या घरी जमणाऱ्या मंडळीला त्यानं सलाम सांगितलाय. हे जोडपं राहुट्या शिवून पोट भरायचं. सिरियात दुरा-युरोपस या जागी तिसऱ्या शतकातलं एक घर उकरून काढलंय. मधली भिंत पाडून खोली मोठी केलेली, शेजारी बाप्तिस्म्याचं कुंड. इ.स. ३१३ मध्ये रोमन बादशहा कॉन्स्टंटाईननं ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली. त्यानंतर मोठ्या इमारती, जमिनी आणि बिशपांचा अधिकार वाढत गेला. म्हणजे घरमंडळी हे नवं खूळ नाही.

टिळकांनी मिशन का सोडलं?

नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये आलं. शाळा, दवाखाने, चर्च उभी राहिली. पण पैसा बाहेरून यायचा आणि बऱ्याचदा निर्णयही. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि याच मिशनमध्ये काम करू लागले. आपल्या माणसांना धर्म परका वाटू नये म्हणून त्यांनी भजन-कीर्तनाची वाट धरली. शेवटी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला मानणारा प्रत्येक जण त्यात चालत होता. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, ते वारले. दरबार आणि आजची घरमंडळी एकच नव्हे. पण संस्थेबाहेर राहून भक्ती करता येते का, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीही होता, एवढं यातून कळतं.

आज लोक घरात का जमतात?

पहिलं कारण अंतर. चर्च तालुक्याला किंवा मोठ्या गावाला, एका पाळकाकडे अनेक गावं. म्हाताऱ्या माणसानं एसटीची वाट किती बघायची? दुसरं कारण भांडणं. चर्चच्या जमिनी, कमिट्यांच्या निवडणुका, वर्षानुवर्षं चालणारे कोर्टाचे दावे, याला लोक वैतागलेत. तिसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. चर्चमध्ये एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात. घरात बाया मोठ्यानं प्रार्थना करतात, मजूर माणूस उठून आपली साक्ष सांगतो. आजारी पडलं तर तीच माणसं डबा घेऊन येतात. इमारतीचा खर्च नाही, पगार नाही. पाया पक्का, पण छप्पर नाही, असं हे काम आहे. आणि छप्पर नसल्याचं पाऊस आल्यावरच कळतं.

अडचण कुठे येते?

एक, लग्न. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानं लग्न कुणी लावायचं ते ठरवून दिलंय. रीतसर अधिकार असलेला धर्मगुरू, सरकारी परवाना असलेला पाळक किंवा विवाह निबंधक. घरमंडळीचा प्रमुख कितीही भला असला तरी हा अधिकार नसेल तर पुढे दाखल्याला अडचण येते. दुसरा मार्ग १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा. त्यासाठी ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, म्हणून तारीख धरण्याआधीच चौकशी करावी.

दोन, माती. दफनभूमी बहुतेक ठिकाणी जुन्या चर्चच्या ताब्यात असते. नाव त्यांच्या रजिस्टरला नसेल तर ऐनवेळी जागेचा प्रश्न येतो. जागेवरून गोष्ट किती ताणते, ते जानेवारी २०२५ मध्ये छत्तीसगडच्या बस्तर भागात दिसलं. तो वाद चर्च आणि घरमंडळीतला नव्हता. गावात ख्रिस्ती माणसाला पुरण्यावरून होता. मृतदेह जवळपास तीन आठवडे शवागारात पडून राहिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली, आणि शेवटी दुसऱ्या गावच्या ख्रिस्ती दफनभूमीत जागा मिळाली.

तीन, पैसा आणि जमीन. मंडळी वाढली की दानाची रक्कम जमते, मग गुंठा-दोन गुंठे घेऊ म्हणतात. सातबाऱ्यावर नाव मात्र प्रमुखाचं लागतं. तो गेला की वारसांची नावं चढतात आणि मंडळी उघड्यावर. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. जागा घ्यायचीच असेल तर आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ट्रस्ट नोंदवावा, दरवर्षी हिशेब द्यावा.

याशिवाय एक धोका आहे. प्रमुखाला विचारणारा वर कुणी नसतो. औषध बंद करा, नुसती प्रार्थना करा, असं त्यानं सांगितलं तर रोखणार कोण? ते घरच्यांनीच रोखायचं. गोळी चालू ठेवून प्रार्थना करायला कुणाची ना नाही.

शांततेत घरात बसून प्रार्थना करणं हे संविधानाच्या कलम २५ नं दिलेल्या धर्मस्वातंत्र्यातलं आहे. शेजाऱ्यांनी ते समजून घ्यावं. मंडळीनंही स्पीकरचा आवाज, गाड्यांची गर्दी याचं भान ठेवावं.

म्हणूनच काही घरं दोन्ही दोर धरून असतात. रविवारी उपासना वस्तीवर, पण जुन्या चर्चची वर्गणी वर्षाच्या वर्षाला भरलेली, पावती ट्रंकेत जपून ठेवलेली. जी घरं पूर्ण बाहेर पडलीत, त्यांनी निदान लग्नाची आणि मातीची सोय आजच लावून ठेवावी. दारात माणूस टेकलेला असताना रजिस्टर शोधत फिरायची वेळ कुणावर येऊ नये.