सही जुळत नाही

गेल्या नोव्हेंबरात कर्जतला बँकेत गेलो होतो. पैसे काढायची स्लिप भरली, सही केली. काउंटरवरच्या मुलीनं पडद्यावरची सही पाहिली, माझी पाहिली आणि अदबीनं म्हणाली, ‘‘काका, सही जुळत नाही.’’ पस्तीस वर्षं हे वाक्य मी लोकांना ऐकवत आलो होतो. माझ्या वाट्याला ते पहिल्यांदाच आलं.

जुळणार कशी? माझा हात थरथरतो. वयामुळे नव्हे, टॅक्रोलिमस नावाच्या गोळीमुळे. २०१७ साली, निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना, माझ्या पोटात उजवीकडे खाली पत्नीचं मूत्रपिंड बसवलं. लोक ‘किडनी बदलली’ म्हणतात. बदलत काही नाहीत. जुनी दोन्ही मूत्रपिंडं तिथेच असतात, तिसरं आणून जोडतात. शस्त्रक्रिया काही तासांत संपते, औषधं संपत नाहीत. शरीराच्या लेखी हा आलेला पाहुणा म्हणजे घुसखोर, आणि त्याला हुसकावणं हे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं कामच. म्हणून त्या रखवालदारांना रोज सकाळी आठ आणि रात्री आठला थोडी गुंगी द्यायची. पार झोपवलं तर कुणीही आत शिरेल. टक्क जागं ठेवलं तर घरच्या पाहुण्याचाच गळा धरतील. मधली जागा फार अरुंद आहे.

ही गुंगी हाती येईपर्यंत प्रत्यारोपण हा जुगारच होता. १९५४ साली बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी बसवलेलं मूत्रपिंड टिकलं, ते देणारा आणि घेणारा एकसारखे जुळे भाऊ होते म्हणून. १९६८ च्या फेब्रुवारीत आपल्या परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय बसवलं. रुग्ण काही तासच जगला. त्या वर्षी जगभरात शंभराच्या आसपास हृदयं बसवली गेली, पण बहुतेकांना पुढचं वर्षही दिसलं नाही, आणि बहुतेक सर्जनांनी तो नाद सोडला.

औषध सापडलं ते मातीत. स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीतले लोक सुटीवर जात तिथली माती पिशवीत भरून आणत. नॉर्वेच्या हार्डांगरविडा पठारावरून अशा आलेल्या मातीतल्या बुरशीपासून मिळालेल्या सायक्लोस्पोरिनचा हा गुण १९७२ साली कळला. माझं टॅक्रोलिमसही मातीतलंच. १९८४ साली जपानमध्ये त्सुकुबाच्या मातीतल्या एका जंतूपासून ते मिळालं.

आणि मला मनाई आहे ती मातीचीच.

भिवपुरीला आमची वडिलोपार्जित दीड एकर भातजमीन आहे. नोकरीत असतानाही लावणीला रजा टाकून मी येत असे आणि गुडघाभर चिखलात उतरत असे. आता छत्री धरून बांधावर उभा राहतो. चिखलात उंदरांच्या लघवीतून लेप्टो पसरतो, तो धडधाकट माणसालाही लोळवतो. मातीतल्या बुरशीचं तर विचारूच नका. ‘‘शेत बघा, शेतात उतरू नका,’’ असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. लावणीच्या बाया सुरुवातीला हसायच्या. समोर माथेरानचा डोंगर पावसात बुडालेला, आणि मी पायात बूट घालून कोरडा!

दुष्परिणामांची यादी औषधाच्या कागदावर बारीक टायपात हातभर असते. ती वाचून काही कळत नाही. पहिल्या महिन्यांत स्टेरॉईडनं चेहरा पुरणाच्या पोळीसारखा फुगला, रात्री दोनला झोप उडे, भूक राक्षसाची. आणि राग! एकदा भाजीत मीठ कमी म्हणून मी ताट भिरकावलं. जिचं मूत्रपिंड माझ्या पोटात मुकाट काम करत होतं, तिच्यासमोर. डोस उतरला तसा राग उतरला. ताटाला पोचा आहे तो आहेच. साखर पूर्वी नव्हती. आता इन्सुलिन घेतो. ओपीडीत भेटणाऱ्या एका विशीतल्या मुलीला सायक्लोस्पोरिननं चेहऱ्यावर लव आली, हिरड्या सुजल्या. तिनं परस्पर गोळ्या बंद केल्या आणि आईचं मूत्रपिंड गमावलं. सगळे तिला बोल लावत होते. माझी जीभ रेटली नाही.

सगळ्यांत कडू गोष्ट निराळीच आहे. या गोळ्या मूत्रपिंड राखतात आणि वर्षानुवर्षांत त्यालाच हळूहळू झिजवतात. रखवालदाराचा पगार तिजोरीतूनच!

दोन वर्षांपूर्वी खोकला झाला म्हणून एका दवाखान्यात गेलो. क्लॅरिथ्रोमायसिन लिहून मिळालं. कसल्या गोळ्या चालू आहेत हे मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. चौथ्या दिवशी पत्नी म्हणाली, ‘‘अहो, बशी वाजतेय तुमची.’’ चहाचा कप बशीवर खडखडत होता. दुसऱ्या दिवशी पहाटेची लोकल धरून मुंबईला गेलो, सकाळची गोळी खिशात तशीच, कारण रक्त दिल्यावरच ती घ्यायची असते. रक्तातली पातळी पाच-सातच्या घरात हवी, ती एकोणीस निघाली, क्रिएटिनिन १.४ वरून २.३. त्या अँटिबायोटिकनं टॅक्रोलिमसचा निचरा अडवला होता. पपनसही हेच करतं म्हणे. भाद्रपदात शेजारून आलेलं पपनस पत्नी सोलते, वाटते आणि मला फक्त वास येतो. क्रिएटिनिन १.६ वर येऊन थांबलं. वरचे दोन दशांश परत मिळाले नाहीत, आणि ते तिचे होते.

बँकेतल्या त्या मुलीसमोर उभा असताना मला १९८९ मधले एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आठवले. पेन्शनमधले पाचशे रुपये हवे होते, हात कापत होता. तीनदा सही केली, तीनदा मी नाकारली. नियमानं चूक नव्हतं. मग मी इंकपॅड पुढे केलं. ‘‘अंगठा?’’ एवढंच म्हणाले आणि पासबुक पिशवीत घालून निघून गेले. त्यांना कुठली गोळी चालू होती, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

ही मुलगी म्हणाली, ‘‘काका, नवीन सही नोंदवून घेऊ. जशी येते तशी करा.’’ कार्डावर मी तीन नमुने दिले. तिन्ही निराळे आले. ‘‘चालेल,’’ ती म्हणाली. गोळी घेऊन दोन तास झाले होते, त्या वेळी थरथर जास्त असते. संध्याकाळी गेलो असतो तर जरा बऱ्या आल्या असत्या, पण तोवर काउंटर बंद होतो.