बाईकचा बोल्ट तुटला? पाना खाली ठेवा, आधी हे वाचा!

रविवारची सकाळ. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाईक उभी. इंजिनाच्या साइड कव्हरचा शेवटचा बोल्ट आवळायचा राहिलेला. 'अजून थोडा' म्हणत पाना ओढला जातो, 'कट्' असा आवाज येतो आणि बोल्टचं डोकं हातात!

घरी बाईक दुरुस्त करणाऱ्या अनेकांवर ही वेळ येते. बोल्ट असतो काही रुपयांचा. पण मोठं नुकसान होतं ते त्यानंतरच्या अर्ध्या तासात, घाईघाईत केलेल्या खटपटीमुळे.

बोल्ट तुटतो का?

साइड कव्हरचे बोल्ट बहुतेक वेळा ६ मिलिमीटर जाडीचे असतात. ते साधारण १० न्यूटन-मीटर इतकेच आवळायचे असतात. म्हणजे १५ सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला जेमतेम ७ किलोचा जोर. पान्याला पाइप लावला की तोच जोर कित्येक पट होतो आणि बोल्ट पिळवटून तुटतो.

दुसरं कारण म्हणजे गंज. बोल्ट पोलादाचा आणि इंजिनाचं कव्हर अ‍ॅल्युमिनियमचं. या दोन धातूंमध्ये ओलावा शिरला की अ‍ॅल्युमिनियम गंजतं आणि आटे धरून बसतात. कोकणासारख्या खाऱ्या, दमट हवेत हे लवकर होतं.

आवळताना तुटला की सोडवताना?

पुढचं सगळं या एका प्रश्नावर ठरतं. आवळताना तुटला असेल, तर आतला तुकडा सहसा जाम नसतो. कव्हर काढलं की त्यावरचा ताण जातो आणि तो बऱ्याचदा सहज फिरतो. मात्र ऑइल आधी काढून घ्या आणि नवीन गॅस्केट हाताशी ठेवा.

सोडवताना तुटला असेल, तर तो गंजाने धरलेला आहे. इथे जोर नाही, धीर लागतो.

मग काढायचा कसा?

१. तुकडा वर आलेला असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि काही तास, जमल्यास रात्रभर थांबा. मग व्हाइस ग्रिपने घट्ट पकडून थोडं उलटं, थोडं सुलटं असं हलवत काढा.

२. तरीही हलत नसेल तर स्प्रे पुसून टाका आणि हीट गनने आजूबाजूचा भाग तापवा. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे पकड ढिली होते. पेट्रोलची टाकी आणि पाइप जवळ असतील तर हे करू नका.

३. तुकडा आत तुटला असेल तर बरोबर मध्यभागी सेंटर पंचने खूण करा. मग डाव्या बाजूला फिरणारा ड्रिल बिट वापरा. कधीकधी भोक पाडतानाच तुकडा फिरून बाहेर येतो. डोळ्यांवर गॉगल हवाच.

सगळ्यात महागडी चूक कोणती?

भोकात 'ईझी आउट' घालून ताकदीने फिरवणं. हे हत्यार अतिशय कडक पोलादाचं असतं. ते आत तुटलं तर साधा ड्रिल बिट त्यावर चालत नाही. तिरकं ड्रिल करणंही तितकंच वाईट. बिट मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये घसरतो आणि आटे जातात.

म्हणूनच तुकडा हलत नसेल किंवा ड्रिल सरकायला लागलं, तर तिथेच थांबा आणि मेकॅनिक किंवा लेथवाल्याकडे जा. अनुभवी वेल्डर तुटलेल्या तुकड्यावर नट वेल्ड करून तो काढतो. आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे बसवता येतात. बोल्ट मूळ मापाचाच राहतो.

पुढच्या वेळी काय करायचं?

बोल्ट आधी हाताने फिरवून बसवा, मगच पाना लावा. पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवा, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते. कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने आवळा.

आणि 'अजून थोडा' असं मनात आलं, की हात आवरा!