वाचता येत नाही म्हणजे डोकं नाही?

‘विशेष शिक्षक? म्हणजे आमचा मुलगा मंद आहे का?’ पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो. अध्ययन अक्षमता आणि बौद्धिक अक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाचनातली अडचण डिस्लेक्सिया, लेखनातली डिसग्राफिया, आकड्यांतली डिसकॅल्क्युलिया. निदान करताना बुद्ध्यंक तपासतात तो याचसाठी: बुद्धी पुरेशी असूनही मूल वाचन-लेखनात वयाच्या मागे पडलंय का, हे पाहायला.

शेजारीपाजारी एक सल्ला फुकट देतात. ‘इंग्रजी माध्यमाचा ताण आहे, मराठी शाळेत घाला.’ मातृभाषेतून शिकण्याचे फायदे आहेतच, पण डिस्लेक्सिया माध्यम बघून येत नाही. इंग्रजी स्पेलिंगचा लहरीपणा देवनागरीत नाही, तरी ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत गोंधळ होतोच, आणि जोडाक्षर आलं की गाडी अडते. ‘किती’ हा साधा शब्द घ्या. पहिली वेलांटी डोळ्यांना ‘क’च्या आधी दिसते, पण उच्चारायची ‘क’च्या नंतर. इतर मुलं हे हां हां म्हणता पचवतात. या मुलाला दर वेळी थांबावं लागतं. ‘पंचवीस’ ऐकताना पाच आधी येतात, लिहायचे मात्र नंतर. मग वहीत 52 उमटतात. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ असं संख्यावाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रभर टिंगल झाली. या मुलांच्या बाजूने पाहिलं तर त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

‘मुद्दाम करतो हो, लक्षच देत नाही’ हा आरोप सगळ्यांत घातक. चौथीतल्या अशा मुलाला उभं करून धडा वाचायला लावा. पहिल्या ओळीला तो अडखळतो, दुसरीला वर्गात खसखस पिकते. पुढच्या वेळी वाचनाच्या तासाला त्याचं पोट दुखतं, किंवा तो शेजारच्याला चिमटा काढून शिक्षा ओढवून घेतो, कारण वर्गाबाहेर उभं राहिलं की वाचावं लागत नाही. भीती, चिडचिड, उदासी हा अपयशाचा परिणाम असू शकतो, तसा भावनिक त्रास हेच मागे पडण्याचं कारणही असू शकतं. त्यामुळे तपासणी एकट्या शिक्षकाने उरकण्यासारखी नसते. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक, सगळ्यांनी मूल पाहायला हवं. नुसता क्लास लावून, जे वर्गात कळलं नाही तेच तसंच पुन्हा ऐकवून काय होणार?

विशेष शिक्षणात पद्धत बदलते. शब्दातले ध्वनी सुटे करायचे, मोठ्याने म्हणत वाळूच्या ताटात बोटाने अक्षर गिरवायचं, एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. प्रत्येक मुलाचा आराखडा वेगळा. त्यासाठी शाळा सोडावीच लागते असंही नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अध्ययन अक्षमतेचा समावेश 21 प्रकारांत केला. अक्षमता 40 टक्के किंवा जास्त असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्कही दिला. माझ्या मते, नेहमीची शाळा आणि रोज थोडा वेळ विशेष शिक्षक, एवढ्यावर अनेकांचं भागू शकतं.

परीक्षेतल्या सवलतींवरून कुरकुर फार. महाराष्ट्रात 1996 पासून त्या मिळतात: जादा वेळ, लेखनिक, दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित. यात फुकटचे मार्क कुठे आहेत? लेखनिक लिहितो, उत्तर मुलालाच सांगावं लागतं. सातवीचं गणित मात्र विचार करून घ्या. पुढे गणित लागणाऱ्या अभ्यासक्रमांची वाट त्याने अडते.

अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राचा शिक्का लहानपणीच कायमचा बसतो ही भीतीही अनाठायी. 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत ते आठव्या वर्षानंतर द्यायचं आणि 14 व 18 व्या वर्षी तपासणी पुन्हा करायची असं ठरलं.

2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर केंद्र सरकारने 2022 मध्ये प्राथमिक स्तरावर 10 दिव्यांग मुलांमागे आणि उच्च प्राथमिक स्तरावर 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवलं. तुमच्या शाळेत हे शिक्षक कोण, आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे का, हे मुख्याध्यापकांना लेखी विचारा.