न कोरता झालेल्या नळ्या

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळी वाळू पाहिली आहे का? तिच्यात इल्मेनाइट नावाचं खनिज असतं आणि त्या खनिजात टायटेनियम हा धातू. या धातूचं ऑक्साइड तर तुमच्या घरातच सापडेल. भिंतीला दिलेल्या पांढऱ्या रंगाचा पांढरेपणा त्याच्यामुळेच येतो.

१९७२ साली जपानमध्ये अकिरा फुजिशिमा आणि त्यांचे गुरू केनिची होंडा यांनी या पांढऱ्या ऑक्साइडची एक करामत जगासमोर मांडली. पाण्यात बुडवलेल्या त्याच्या स्फटिकावर प्रकाश टाकला, की पाण्याचं विघटन होऊन ऑक्सिजन निघतो, आणि तारेने जोडलेल्या प्लॅटिनमवर हायड्रोजन. स्फटिक आहे तसाच राहतो! स्वतः न संपता काम घडवून आणणाऱ्या अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. हा प्रकाशावर चालणारा उत्प्रेरक.

पुढे शास्त्रज्ञांनी याच ऑक्साइडच्या नळ्या केल्या. केवढ्या? १०० नॅनोमीटर रुंदीच्या नळ्या ओळीने उभ्या केल्या, तर आपल्या एका केसाच्या जाडीत सुमारे ८०० मावतील! एवढ्या बारीक नळ्या कोरणार तरी कशाने? खरी गंमत इथेच आहे. त्या कोणी कोरतच नाही.

टायटेनियमचा पातळ, राखाडी पत्रा बॅटरीच्या धन टोकाला जोडतात, प्लॅटिनमचा तुकडा ऋण टोकाला, आणि दोन्ही द्रावणात बुडवतात. द्रावणात थोडं पाणी आणि थोडं फ्लुओराइड असतं. (हा प्रयोग घरी मुळीच करायचा नाही. फ्लुओराइडची अशी द्रावणं विषारी असतात.) वीज सुरू झाली, की पत्र्यावर ऑक्साइडचा थर चढतो. थरातून वीज सहज जात नाही, म्हणून वीज मोजणाऱ्या मीटरचा काटा भराभर खाली येतो. पण जरा थांबा, काटा पुन्हा वर चढू लागलाय! फ्लुओराइडने थर कुरतडायला सुरुवात केलेली असते. जिथे बारीकसा खड्डा पडला, तिथे थर पातळ. थर पातळ तिथे विजेचा जोर जास्त, आणि जोर जास्त तिथे थर आणखी लवकर विरघळतो. म्हणजे खड्डा खोलच होत जाणार! पण तळाशी वीज पत्र्यातल्या टायटेनियमचं नवं ऑक्साइड करतच असते. वीज बांधते, फ्लुओराइड खातं, आणि दोघांचा वेग जुळला की काटा स्थिर होतो. खड्ड्यांच्या झाल्या नळ्या! आता सूक्ष्मदर्शकातून वरून पाहिलं तर मधमाश्यांचं पोळंच दिसतं! विजेचा दाब वाढवला की नळ्या रुंद होतात, जास्त वेळ ठेवलं की लांब होतात.

नंतर पत्रा भट्टीत साधारण ४५० अंश सेल्सिअसला तापवतात. तोवर विस्कळीत असलेले अणू नीट रांगा धरतात आणि स्फटिक तयार होतो.

आता प्रकाश टाकू या. किरण पडला की ऑक्साइडमधला एक इलेक्ट्रॉन उडी मारतो आणि त्याची जागा रिकामी होते. ही रिकामी जागा भारी हावरट! पृष्ठभागावरच्या पाण्याचा इलेक्ट्रॉन ती ओढून घेते. त्यातून जे आक्रमक कण तयार होतात, ते पाण्यातल्या रंगांचे आणि घाणीचे रेणू फोडत जातात. शेवटी बरीचशी घाण कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन संपते.

पण उडालेला इलेक्ट्रॉन परत आपल्या जागी येऊन बसला तर? सगळी मेहनत वाया! ऑक्साइडच्या भुकटीत असं फार होतं. नळीची भिंत मात्र इतकी पातळ, की रिकामी जागा चटकन पृष्ठभागावर पोचते. इलेक्ट्रॉन भिंतीतून सरळ खाली धातूत उतरतो. शिवाय नळीला आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून पाणी लागतं.

अडचण एकच, पण मोठी आहे. ही उडी मारायला अतिनील किरण लागतात, आणि जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात ते जेमतेम ५ टक्के. २००१ साली जपानी संशोधकांनी ऑक्साइडमध्ये थोडा नायट्रोजन घातला. ते पिवळसर झालं आणि डोळ्यांना दिसणाऱ्या निळ्या प्रकाशातही काम करू लागलं. नळ्या अमोनिया वायूत तापवून त्यांनाही असा नायट्रोजन देता येतो. मात्र तो जास्त झाला, तर इलेक्ट्रॉन वाटेतच अडकतात. म्हणून नेमका किती द्यायचा, याची खटपट प्रयोगशाळांमधून अजून चालू आहे.